चपलांच्या कपाटावरची पेटी आणि फायबरचं सामान

बिल्डरने मुख्य दरवाज्याजवळ, चपलांच्या कपाटाच्या वर, भिंतीत एक पत्र्याची पेटी दिलेली असते. नकाशात तिचं नाव 'लो व्होल्टेज डीबी' असतं. आमच्या सोसायटीत मात्र सगळे तिला टेलिफोनचा बॉक्स म्हणतात, आणि ज्या काळात ती ठरली त्या काळात तिच्यात टेलिफोनच्या चार वायरी आणि टीव्हीच्या केबलचा एक स्प्लिटर, एवढंच यायचं. आता तिच्यात फायबरचा ओएनटी (काचेच्या तंतूतला प्रकाश इंटरनेटमध्ये बदलणारा डबा), स्विच (एका लॅनच्या वायरीचे अनेक फाटे करणारा डबा), दोन अडॅप्टर, पॅचकॉर्डचं (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या तयार केबलचं) वेटोळं आणि तीन खोल्यांतून आलेल्या लॅनच्या, म्हणजे घरातल्या इंटरनेटच्या, वायरी बसवायच्या असतात. बहुतेक घरांत शेवटी दार उघडं राहतं, आतून वायरींची आतडी लोंबतात आणि त्यावर कॅलेंडर टांगलं जातं.

माझ्या पेटीचं आतलं माप ३० सेंमी उंची, २५ सेंमी रुंदी आणि ९ सेंमी खोली. पहिल्या प्रयत्नात माझंही दार बंद झालं नाही. दुसऱ्यांदा झालं, कारण तोवर एक गोष्ट कळली होती: पेटीतली जागा डबे खात नाहीत, ती वळणं आणि अडॅप्टर खातात. खालचं सगळं त्या एका शहाणपणावर उभं आहे.

आधी रिकामी करा, मग मोजा

पेटीत २३० व्होल्टची वायर आलेली असेल तर पहिल्यांदा त्या लाइनचा एमसीबी पाडा आणि टेस्टरने खात्री करा. हे काम वायरमनकडून करून घेतलंत तर उत्तमच. जुनी टेलिफोनची वायर, मेलेला टीव्ही स्प्लिटर, बिल्डरच्या वायरमनने कोंबलेले इन्सुलेशन टेपचे गोळे, सगळं बाहेर काढा. पण पाइपातून आलेली जुनी वायर ओढून फेकू नका. तीच पुढे नवी केबल ओढायला दोरीसारखी उपयोगी पडते. टोकं बांधून बाजूला ठेवा.

आता किती पाइप येतात आणि कुठून येतात ते पाहा. फ्लॅटमध्ये हे पाइप बहुधा २० किंवा २५ मिमीचे असतात. त्यातला एक जिन्याच्या शाफ्टकडे जातो, बाकीचे खोल्यांकडे. शाफ्टकडून येणारा पाइप वरून उतरत असेल तर पावसाळ्यात त्यातून पाणी येतं, हे लक्षात ठेवा. पेटीच्या तळाशी गंजाची रेघ दिसली की समजायचं, पाण्याचा रस्ता ठरलेला आहे.

मापं तीन घ्यायची: उंची, रुंदी आणि दार बंद असतानाची खोली. तिसऱ्या मापात लोक फसतात. दाराच्या आतल्या बाजूला बिजागरीची पट्टी, कुलपाची जीभ किंवा वाकवलेली कड असते आणि ९ सेंमीचे पाऊण सेंमी तिथेच जातात.

आत कोण, बाहेर कोण

वाय-फाय बाहेर. इथे तडजोड नाही. पत्र्याच्या पेटीत वाय-फायचा राउटर ठेवणं म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवून आतल्या माणसाशी गप्पा मारणं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंमीच्या आसपास, ५ गिगाहर्ट्झची सहा सेंमीच्या आसपास. बारीक छिद्रांच्या पत्र्यातून त्या धड बाहेर पडत नाहीत. इंटरनेट कंपनीने दिलेला डबा ओएनटी आणि वाय-फाय राउटर असा जोड असेल, आणि हल्ली बहुतेक ठिकाणी तसाच मिळतो, तर दोन मार्ग आहेत. एक, पेटीत फक्त फायबरचा जोड ठेवायचा आणि तिथून पॅचकॉर्ड नेऊन डबा हॉलमध्ये उघड्यावर लावायचा. दुसरा, डबा पेटीत ठेवून त्याचं वाय-फाय बंद करायचं आणि लॅनच्या वायरीने हॉलमध्ये वेगळा राउटर किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय पसरवणारा डबा) लावायचा.

घर लहान असेल, वन-बीएचके असेल, तर पहिला मार्ग धरा आणि उरलेला लेख अर्धाच वाचा. दोन-तीन खोल्यांत लॅन न्यायची असेल तर दुसरा. दुसऱ्या मार्गात कंपनीला सांगून ओएनटी ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम न करता इंटरनेट नुसतं पुढे देणारा) टाकून घेता आला तर घ्या, नाहीतर दोन राउटर एकामागे एक लागून उपकरणांच्या इंटरनेटवरच्या पत्त्यांचं दुहेरी भाषांतर होतं. साध्या वापराला त्याने फरक पडत नाही. बाहेरून घरचा कॅमेरा बघायचा असेल किंवा काही ऑनलाइन गेम खेळायचे असतील, तर पडतो.

वीज गेल्यावर इंटरनेट चालू ठेवणारा मिनी यूपीएसही बाहेर. त्यात लिथियमचे सेल असतात आणि बंद, गरम पेटी ही लिथियमची जागा नव्हे.

आणि माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा: अडॅप्टरही बाहेर. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर खोचला की तो सॉकेटपासून सहा-सात सेंमी पुढे येतो, त्यात सॉकेटच्या बॉक्सची खोली मिळवा. ९ सेंमीच्या पेटीत तो दाराला टेकतोच. त्यापेक्षा खालच्या चपलांच्या कपाटाच्या बाजूला, पाण्यापासून लांब, वायरमनकडून सहा अँपिअरचं सॉकेट काढून घ्या आणि पेटीत फक्त १२ व्होल्टची बारीक वायर न्या. पेटीत २३० व्होल्ट उरतच नाहीत. उष्णतेचा एक हिस्सा बाहेर राहतो, आणि रविवारी सकाळी लॅनची वायर सरळ करताना हात थरथरत नाही. अडॅप्टरची वायर पुरत नसेल तर अर्धा चौरस मिमीची तांब्याची दुहेरी वायर दोन मीटर वाढवली तरी दीड अँपिअरला जेमतेम ०.२ व्होल्टची घट येते. ओएनटीला ती चालते.

ज्यांना सॉकेट पेटीतच ठेवणं भाग आहे त्यांनी दोन गोष्टी सोडू नयेत: पत्र्याच्या पेटीला अर्थिंग, आणि २३० व्होल्टच्या वायरीसाठी वेगळा पाइप. लॅन आणि लाइट एकाच पाइपातून नेणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पुठ्ठ्याची रंगीत तालीम

सामान भिंतीवर लावण्याआधी पुठ्ठ्यावर लावा. पेटीच्या आतल्या मापाचा एक तुकडा कापा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर ओएनटी, स्विच, फायबरची जोडपेटी मांडा. आता प्रत्येक पोर्टमधून निघणाऱ्या वायरीचं वळण पेन्सिलने काढा.

फायबरचा कनेक्टर त्याच्या रबरी शेपटीसकट साधारण साडेपाच सेंमी सरळ बाहेर येतो आणि नंतर वळायला तीन सेंमी मागतो. म्हणजे पोर्टच्या तोंडाशी साडेआठ सेंमी मोकळे हवेत. लॅनचा प्लग चार सेंमी, आणि कॅट-सिक्स जातीच्या लॅन केबलला तिच्या जाडीच्या चौपट त्रिज्येचं वळण लागतं. सहा मिमी जाडीला अडीच सेंमी धरा, एकूण साडेसहा. पॉवरची पिन सरळ असेल तर तिलाही चार सेंमी. काटकोनी पिनेची वायर मिळाली तर ते वाचतात.

माझा ओएनटी १६ सेंमी उंच, ११ रुंद. पोर्ट खाली ठेवले तर १६ आणि साडेआठ मिळून साडेचोवीस. ३० सेंमीच्या पेटीत वर साडेपाच सेंमी उरले, ते हवेला सोडले. शेजारच्या १४ सेंमीत पाच पोर्टचा स्विच, १० बाय १०, त्याखाली वायरींचे साडेसहा, आणि तरीही तळाशी साडेतेरा सेंमी मोकळे. तिथे फायबरची जोडपेटी. पहिल्या प्रयत्नात मी ओएनटी आडवा लावला होता. डबा छान बसला, कनेक्टर भिंतीत घुसला.

पोर्ट नेहमी खाली किंवा बाजूला ठेवा, वर नको. वर ठेवले तर धूळ आणि पाइपातून टपकणारं पाणी, दोघांनाही आयतं तोंड मिळतं.

पाठीमागची फळी

पेटीच्या पत्र्यात थेट स्क्रू मारायचा मोह आवरा. सहा मिमीचा प्लाय किंवा पीव्हीसी फोम शीटचा तुकडा पेटीच्या मापात कापून घ्या. सामान फळीवर बाहेर टेबलावर लावा आणि मग फळी आत बसवा. अरुंद पेटीत स्क्रूड्रायव्हर तिरका धरून मान वाकडी करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ओएनटीच्या पाठीला टांगायची दोन भोकं असतात, त्यांचं अंतर पट्टीने मोजताना हमखास दोन मिमी चुकतात. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसंच करा: पाठीवर कागद ठेवा, पेन्सिल घासा, भोकं उमटतात. तोच कागद फळीवर चिकटवून त्यावरच भोकं पाडा.

डबा फळीला चिकटून बसू देऊ नका. वायरिंगच्या पीव्हीसी पाइपाचे एकेक सेंमीचे तुकडे कापून स्क्रूमध्ये ओवले की मागून हवा खेळते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरू नका. मे महिन्यात गोंद सुटतो, आणि मग ओएनटी फायबरच्या केसाएवढ्या तारेवर लटकतो.

फायबर: इथे घाई नको

शाफ्टमधून येणारी काळी चपटी केबल म्हणजे ड्रॉप केबल. तिच्यात मधोमध काचेचा तंतू, दोन्ही बाजूंना मजबुतीच्या काड्या आणि कडेला टांगायची पोलादी तार. तार घरात आणायची नाही, शाफ्टमध्येच संपवायची. केबल घरापर्यंत ओढताना तिला कनेक्टर लावलेला नसावा. वीस मिमीच्या पाइपाच्या वळणात तो अडकतो. कनेक्टर पेटीजवळ आल्यावर लावायचा.

हे काम कंपनीचा मुलगा करेल, आणि त्यालाच करू द्या. फक्त तो यायच्या आधी पेटी तयार ठेवा आणि त्याला तीन गोष्टी सांगा. माझ्याकडे आलेला मुलगा म्हणाला, "काका, बाहेरच ठोकतो ना डबा, पाच मिनिटांत होईल." मी म्हटलं, "बाळा, पाच मिनिटांत होईल आणि पाच वर्षं दिसेल. आधी चहा घे." मग तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, दीड मीटर केबल जादा सोड. पुढे कनेक्टर खराब झाला तर कापून नवा लावायला ती लागते. दुसरी, जमलं तर मशीनने स्प्लायसिंग कर, म्हणजे तंतूची टोकं वितळवून जोड. हाताने दाबून बसवायचा झटपट कनेक्टर चालतो, पण वर्षा-दोन वर्षांनी तोच पहिला कुरकुरतो असा माझा अनुभव आहे. तिसरी, पॉवर मीटरचं (तंतूतला प्रकाश मोजायच्या यंत्राचं) रीडिंग माझ्यासमोर घे आणि मला लिहून दे.

त्या रीडिंगबद्दल थोडं. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती फायबरमागे जीपॉन हे तंत्र असतं. एक्स्चेंजकडून घराकडे १४९० नॅनोमीटरचा प्रकाश, सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट. घराकडून उलट १३१० नॅनोमीटरचा, सुमारे १.२५ गिगाबिट. एकच तंतू स्प्लिटरने बत्तीस किंवा अधिक घरांत वाटलेला असतो, आणि १:३२ च्या स्प्लिटरमध्येच सतरा डेसिबलच्या आसपास प्रकाश खर्ची पडतो. घरी पोहोचतो तेव्हा तो उणे १८ ते उणे २४ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीच्या मापाच्या) दरम्यान असला तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या पलीकडे ओएनटी धडपडू लागतो. प्रत्येक तीन डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, म्हणून एखाद-दुसरा आकडा 'थोडासाच' नसतो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. दिसत नाही म्हणून कनेक्टरच्या टोकात डोकावायचं नाही.

आता वळण. जुन्या जातीच्या तंतूला, जी.६५२ ला, तीन सेंमी त्रिज्येपेक्षा घट्ट वळवायचं नसतं. घरात वापरायच्या जी.६५७.ए१ ला एक सेंमी चालतं, ए२ ला साडेसात मिमी. पॅचकॉर्डवर छापलेलं असतं, चष्मा लावून वाचा. काही छापलेलं नसेल तर तीन सेंमीच धरा. आमटीच्या वाटीच्या काठाभोवती गुंडाळलं तर जेवढं वेटोळं होईल, त्याहून लहान करायचं नाही. जादाची केबल जोडपेटीच्या आत गोल फिरवा, नाहीतर फळीवर वेलक्रोच्या पट्टीने सैल बांधा. प्लॅस्टिकचा केबल टाय करकचून ओढलात तर तंतू तुटणार नाही, पण चिमटला जाईल, आणि हा दोष शोधायला सगळ्यात त्रासाचा.

कनेक्टरचा रंग पाहा. हिरवा म्हणजे टोक आठ अंश तिरकं घासलेलं, निळा म्हणजे सरळ घासलेलं. हिरव्यात हिरवा, निळ्यात निळा. निळा हिरव्यात शिरतो, खट्ट असा आवाजही येतो, पण टोकं एकमेकांना नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. ओएनटीचं पोर्ट दोन्ही रंगांत मिळतं, म्हणून पॅचकॉर्ड आणण्याआधी पोर्ट बघा. पांढऱ्या सिरॅमिकच्या टोकाला बोट लावू नका. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. गंजीफ्रॉकने पुसणारे मी पाहिले आहेत.

लॅनच्या वायरी

खोल्यांकडच्या पाइपात जुनी दोन जोड्यांची टेलिफोनची वायर असेल तर तिच्यावर गिगाबिट वेगाचं लॅन चालणार नाही, त्याला चारही जोड्या लागतात. पण तिच्याच शेपटीला नवी केबल आणि सोबत नायलॉनची दोरी टेपने बांधून एकाने ओढायचं, दुसऱ्याने ढकलायचं. घरातली अंतरं पाहता कॅट-फाइव्ह-ई गिगाबिटला पुरते, ती कॅट-सिक्सपेक्षा बारीक आणि लवचिक असते, आणि अरुंद पेटीत हा फायदा मोठा आहे. फक्त तारा पूर्ण तांब्याच्या घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण वाकवली की मोडते.

क्रिम्पिंगचा (टोकाला प्लग दाबून बसवतानाचा) क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. जाणकार म्हणतील, भिंतीची केबल थेट क्रिम्प करू नये, आधी पॅच पॅनलवर (सॉकेटांच्या पट्टीवर) उतरवावी. मोठ्या रॅकमध्ये ते बरोबर आहे. ९ सेंमीच्या पेटीत पॅनलची खोली आणि वरून पॅचकॉर्ड, दोन्ही परवडत नाही. मी थेट क्रिम्प केल्या आणि प्रत्येकीची ३० सेंमी जादा लांबी पाइपात परत ढकलून ठेवली.

उष्णता, पाल आणि पाऊस

ओएनटी आणि स्विच मिळून दहा-पंधरा वॅट खातात आणि ते सगळे उष्णता होऊन बाहेर पडतात. भिंतीत गाडलेल्या पेटीला थंड व्हायला मुख्यतः पुढचं दारच असतं. बहुतेक ओएनटी भोवतालच्या ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात. पुण्यात हे सांभाळता येतं. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात खोलीच ३७-३८ वर असते, तिथे बंद दाराचा हट्ट सोडून जाळीचं दार करून घ्यावं.

दाराला खाली एक आणि वर एक अशी छिद्रांची रांग पाडा. गरम हवा वरून निघते, गार खालून येते. फक्त वर छिद्रं पाडून उपयोग नाही. छिद्रांना आतून बारीक स्टीलची जाळी चिकटवा. उबदार, अंधारी पेटी पालीला फार आवडते, मुंग्यांनाही. भोकं पाडण्याआधी दार बिजागरीतून काढून बाहेर न्या. पत्र्याचा कीस आत पडला तर स्विचच्या फटीत जाऊन बसतो.

मग एका दुपारी दार लावून, पंखे बंद करून, दोन तास आत साधा थर्मामीटर ठेवा. ४० च्या खाली राहिला तर झालं. नसेल तर स्विच बाहेर काढा. पंखा लावायच्या भानगडीत पडू नका, तो धूळ ओढतो आणि वर्षभरात घरघरतो.

शाफ्टकडच्या पाइपाचं तोंड पुट्टीने बंद करा, आणि केबल आत शिरण्याआधी खाली झोळ पडेल अशी सोडा. पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, पेटीत येत नाही.

मिनी यूपीएसचा हिशोब

ओएनटीवर १२ व्होल्ट १ अँपिअर आणि बाहेरच्या राउटरवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर लिहिलेलं असेल तर १२ व्होल्ट ३ अँपिअरचा यूपीएस घ्या. पाच व्होल्टचा स्विच असेल तर तो या वायरीला लावू नका. पिनेची जाडी बघा, आतलं छिद्र २.१ आणि २.५ मिमी अशा दोन मापांत येतं आणि चुकीचं माप सैल बसून मधूनच बंद पडतं. मधली बाजू धन आहे ना, हेही चिन्हावरून पाहा. २२०० एमएएचचे तीन सेल म्हणजे साधारण २४ वॅट-तास. वाटेत थोडे हरवतात, २० धरा. पंधरा वॅटचा भार असेल तर सव्वा तास. जाहिरातीतले चार तास एकट्या ओएनटीवर मोजलेले असतात.

दार लावून पुन्हा मोजा

ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर, पत्ता डब्याखालच्या स्टिकरवर असतो, मिळणाऱ्या प्रकाशाचा आकडा बहुधा दिसतो. तो दार उघडं असताना लिहा. दार लावा, पाच मिनिटांनी पुन्हा बघा. एका डेसिबलहून जास्त घसरला तर दार कुठेतरी पॅचकॉर्ड दाबतंय. माझा आकडा उणे २०.४ वरून उणे २३.१ वर गेला होता, आणि दोषी निघाली कुलपाची जीभ. लाल एलओएसचा (प्रकाश तुटल्याचा) दिवा लागेपर्यंत वाट पाहिली असती, तर ती बहुधा पहिल्या मॅच-फायनललाच संपली असती.

शेवटी प्रत्येक वायरीला चिठ्ठी: हॉल, बेडरूम, कॅमेरा. पेनची शाई फिकी पडते, पेन्सिल टिकते. उघड्या पेटीचा फोटो काढून ठेवा. आणि खोल्यांकडच्या प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी राहू द्या, दोन्ही टोकांना गाठ मारून. मी गाठ मारायला विसरलो होतो, आणि बेडरूमच्या पाइपातली दोरी पुढच्याच केबलबरोबर आत गेली ती अजून आतच आहे.